बेसमुळे गाडीचा टप थरथरतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वूफर (बेस वाजवणारा मोठा स्पीकर) वाजला की टपच एवढा का थरथरतो?

थरथरतं सगळंच. दरवाजे, डिकीचं झाकण, नंबरप्लेट, आतला आरसा. पण गाडीतला सगळ्यात मोठा सलग पत्रा टपाचा असतो. जाडी साधारण पाऊण मिलिमीटर, खाली आधाराला दोन-चार आडव्या पट्ट्या आणि मधला भाग मोकळा. उंच, डबा आकाराच्या हॅचबॅकमध्ये तो जवळजवळ सपाटही असतो. सपाट पत्रा गोलाई असलेल्या पत्र्यापेक्षा सहज वाकतो. म्हणून तर व्हॅनच्या टपावर लांबलांब नाळी दाबून काढलेल्या असतात.

आता रेटा किती येतो ते पाहा. ४० हर्ट्झच्या बेसची तरंगलांबी साडेआठ मीटरच्या वर जाते. केबिन त्यापुढे फारच लहान, त्यामुळे आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम चढतो आणि एकदम उतरतो, सेकंदाला ४० वेळा. टप दीड चौरस मीटरचा धरला, तर १३० डेसिबलला त्यावर सरासरी १० किलोच्या आसपास रेटा येतो आणि १४० डेसिबलला ३० किलोच्या. एकदा बाहेर, एकदा आत. पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याने थरथरू नये अशी अपेक्षाच चुकीची आहे. आपल्या हातात असतं ते त्याचं हलणं कमी करणं.

वूफरची पेटी दुसरीकडे हलवली, तोंड फिरवलं, तर फरक पडेल का?

खडखड आवाजात थोडा पडू शकतो, टपाच्या हलण्यात फारसा नाही. एवढ्या खालच्या सुरांना दाब सगळीकडे जवळपास सारखाच असतो. पेटी पट्ट्याने घट्ट बांधलेली हवी, ही गोष्ट वेगळी आणि ती सुरक्षेसाठी.

टप हलणं आणि टपातून खडखड येणं, हे एकच का?

नाही, आणि इथेच बहुतेकांचे पैसे चुकीच्या जागी जातात.

टप हलतो तेव्हा आवाज घुमल्यासारखा, जड येतो. गाणं संपलं तरी क्षणभर रेंगाळतो. बाहेर उभ्या माणसाला तो आतल्या माणसापेक्षा जास्त जाणवतो. खडखड कोरडी असते, बारीक असते आणि एका ठिकाणाहून येते. तिचं मूळ बहुधा पत्र्यात नसतंच. सन व्हायझरची क्लिप, केबिन लाइटची प्लास्टिकची काच, वरच्या हँडलचे स्क्रू, सीलिंगच्या (टपाच्या आतल्या अस्तराच्या) वरून गेलेली मोकळी वायर, सीटबेल्ट जिथे खांबातून बाहेर येतो तिथलं कव्हर, यांतलंच काहीतरी निघतं.

आधी खडखड काढा. गाणं चालू ठेवून सोबतच्या माणसाला एकेक वस्तू बोटाने दाबून धरायला सांगा. ज्या वस्तूवर बोट ठेवताच आवाज थांबेल तिथे फेल्टची चिकटपट्टी किंवा पातळ फोम लावा. यात टप उघडावाच लागत नाही. निम्म्या गाड्यांचं समाधान इथेच होतं, असं आमचं मत आहे. आवाज शोधण्याआधीच सीलिंग उतरवायला घेणाऱ्या दुकानात गाडी देऊ नका.

टप नेमका कुठे आणि कोणत्या सुराला हलतोय, हे घरच्या घरी कसं शोधायचं?

रवा घ्या. जाडा रवा, चमचाभर.

टप कोरडा पुसा, मधल्या सपाट भागावर रवा विरळ पसरा आणि २० ते ८० हर्ट्झ असा हळूहळू चढत जाणारा टोन वाजवा. फोनवर असे टोन देणारी अ‍ॅप्स मोफत मिळतात. आवाज मध्यम ठेवा आणि एका सुरावर काही सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. गाण्यापेक्षा सलग टोनने वूफरची कॉइल लवकर तापते. काचा बंद, एक जण आत, एक जण बाहेर टपाकडे बघत.

बहुतेक सुरांना दाणे नुसते बसून राहतात. मग एका सुराला मधले दाणे थरथरायला लागतात, उडतात आणि सरकत सरकत पट्टीच्या रेषेकडे गोळा होतात. तो आकडा लिहून ठेवा. दाणे उडून जाऊन जी जागा रिकामी झाली, तोच तुमचा कमजोर भाग.

यातून मापही मिळतं. ४० हर्ट्झवर दाणा पत्र्यावरून सुटून उडायला लागला, तर पत्रा मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना किमान ०.१५ मिलिमीटर सरकतोय. ३० हर्ट्झवर उडत असेल तर जवळपास ०.२८ मिलिमीटर. काम झाल्यावर त्याच आवाजावर, त्याच सुराला पुन्हा रवा टाका. दाणे बसून राहिले, तर फरक पडला. फोनच्या डेसिबल मीटरवर मात्र विसंबू नका. इतक्या दाबाला त्याचा माइक आधीच हात टेकतो.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा प्रयोग रविवारी दुपारी करू नका. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, शेजाऱ्यांना सांगून करा.

डॅम्पिंग शीट चिकटवली की काम होईल ना? सगळे तेच सांगतात.

काही अंशी. याचं उत्तर नीट समजून घ्या, कारण शीट आणि आधार ही दोन वेगळी औषधं आहेत.

ब्युटाइल रबराच्या शीटवर वरून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. टप वाकतो तेव्हा त्या दोन पत्र्यांमधलं रबर ताणलं-चोळलं जातं आणि हलण्याची ऊर्जा उष्णतेत जिरते. पत्रा टणटण वाजत असेल, आवाज रेंगाळत असेल, तर शीटचा फायदा नक्की होतो. आणि मुंबईत आणखी एक, जो बेसपेक्षाही जास्त लोकांना सुख देतो: जुलैच्या सरींचा टपावरचा ताशा बराच मऊ होतो.

पण शीट पत्र्याला कडक फारशी करत नाही, जड मात्र करते. ०.७ मिलिमीटरचा पोलादी पत्रा चौरस मीटरला साडेपाच किलो भरतो. २ मिलिमीटरची ब्युटाइल शीट त्यात तीन-सव्वातीन किलो घालते. कडकपणा तोच आणि वजन दीडपटीहून जास्त झालं, की पत्र्याचा स्वतःचा सूर खाली उतरतो. टप आधी ६० हर्ट्झला घुमत असेल, तर एका थरानंतर तो ४७-४८ ला आणि दोन थरांनंतर ४० च्या आसपास येऊ शकतो. ४० म्हणजे नेमका तोच पट्टा जिथे तुमचा वूफर सगळ्यात जोरात वाजतो. घुमणं पूर्वीइतकं टोकदार राहत नाही, पण ते गाण्याच्या मधोमध येऊन बसतं. ‘तीन थर मारले तरी टप हलतोच आहे’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांचं दुखणं बहुधा हेच असतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी खडखड, मग आधार, मग शीटचा एक थर. एकच.

आधार म्हणजे काय? टपाच्या आत असतं काय?

सीलिंग उतरवलं की डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या दोन-चार पोलादी पट्ट्या दिसतात. टपाचा पत्रा या पट्ट्यांना वेल्ड केलेला नसतो. केला असता तर वेल्डचे डाग वरून रंगात दिसले असते. त्याऐवजी पट्टी आणि पत्रा यांच्यात दोन-चार मिलिमीटरची फट ठेवून कारखान्यात तिच्यात मऊ रबरी मॅस्टिकचे ठिपके किंवा पट्टे भरतात. पत्रा फडफडू नये हेच त्यांचं काम.

आता आठ-दहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं सीलिंग उतरवून पट्टीच्या कडेला बोट फिरवा. मॅस्टिक कडक होऊन पत्र्यापासून सुटलेलं असतं. नखाने खरवडलं तर चुरा पडतो. व्हिजिटिंग कार्ड पट्टी आणि पत्र्याच्या मध्ये सरकवून बघा: जिथे ते आरपार जातं, तिथे टपाला आधार उरलेला नाही. नकाशात तीन पट्ट्या आहेत, प्रत्यक्षात पत्रा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अधांतरी आहे. पत्र्याचा आधार नसलेला भाग जितका लांब, तितका तो झपाट्याने ढिला पडतो. अंतर दुप्पट झालं की कडकपणा दुपटीने नाही, कित्येक पटींनी घटतो.

या फटी पुन्हा भरणं हा टपावरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय आहे. विंडशील्ड चिकटवायला वापरतात तसलं, पण थोडं मऊ राहणारं पॉलियुरेथेन सीलंट घ्या. सुटलेलं मॅस्टिक खरवडून काढा, दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि फटीत दर आठ-दहा सेंटिमीटरवर ठिपका भरा. फट भरेल इतकंच. खालून रेटा द्यायचा नाही, पत्रा खाली ओढायचाही नाही. वरून कोणी हात ठेवून उभं राहायचं नाही.

हे सीलंट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, साधारण एका दिवसात तीनेक मिलिमीटर आतपर्यंत. मुंबईच्या दमट हवेत जरा लवकरच. तरी दोन दिवस बेस वाजवू नका. ओला ठिपका हलत राहिला तर तो धरतच नाही.

सीलंटऐवजी एम-सील किंवा एपॉक्सी भरली तर जास्त पक्कं होईल ना?

पक्कं होईल आणि टपावर दिसेल. कडक गोंद आणि पोलाद उन्हात वेगवेगळं फुगतात. दुपारी टप ७० अंशांपर्यंत तापतो, रात्री निवतो, आणि चिकटवलेल्या जागी रंगात बारीक खळगा किंवा रेघ उमटते. काळ्या, गडद निळ्या गाड्यांवर ती पार्किंगमधल्या ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबात लगेच सापडते. ती काढायला डेंटरकडे गेलात तरी पूर्ण जाईलच असं नाही. इथे थोडं लवचिक राहणारंच लागतं.

आणखी एक आडवी पट्टी बसवता येते का? वेल्ड करून घेऊ?

पट्टी बसवता येते. वेल्ड करू नका. उष्णतेने टपाचा पातळ पत्रा लगेच वेडावाकडा होतो, गंजरोधक जस्ताचा लेप जळतो, आणि वरळी-वांद्र्याच्या खाऱ्या हवेत त्या जागेतून गंज सुरू झाला की तो सीलिंगमागे लपून वाढतो. अपघातात टपाच्या बाजूचे रूळ (दोन्ही कडांनी लांबीभर जाणाऱ्या जाड पोलादी पट्ट्या) गाडीचा आकार धरून ठेवतात. त्यांना कापणं, भोक पाडणं, तापवणं यातलं काहीच करायचं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, तेही आहेच.

चिकटवण्याची पट्टी अशी: टोपीच्या आकाराचा, म्हणजे मधे उंच आणि दोन्ही कडांना सपाट, अ‍ॅल्युमिनियम किंवा पातळ पोलादाचा सेक्शन. तो टपाच्या गोलाईप्रमाणे वाकवून घ्या. सरळ पट्टी तशीच चिकटवली तर मधे दाब येऊन टपावर उंचवटा दिसतो. पत्रा आणि पट्टी यांच्यात तीन-चार मिलिमीटर सीलंटचा थर ठेवा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाला थेट टेकू देऊ नका, खाऱ्या दमट हवेत तिथे गंज धरतो; मधला थर तेही टाळतो. पट्टीची दोन्ही टोकं बाजूच्या रुळांपर्यंत पोचून तिथेही चिकटायला हवीत. मधेच संपलेली पट्टी पत्र्याबरोबर वर-खाली नाचते.

पट्टी उंच असली की काम जास्त करते. उंची दुप्पट केली तर कडकपणा चौपटीहून जास्त होतो. पण पट्टीखाली सीलिंग पुन्हा बसायला जागा हवी, त्यामुळे दहा-बारा मिलिमीटरच्या पुढे बहुतेक गाड्यांत जाता येत नाही. रव्याने जो भाग दाखवला, त्याच्या मधून एक पट्टी बहुधा पुरते.

सीलिंग मी स्वतः उतरवू का?

गाडीत कर्टन एअरबॅग असतील तर नाही. त्या टपाच्या दोन्ही कडांना, खांबांच्या वर, लांब गुंडाळी करून बसवलेल्या असतात. सीलिंगची कड आणि खांबांवरचं प्लास्टिक ठरलेल्या पद्धतीने उघडावं, अशी त्यांची रचना असते. तिथे शीट चिकटवली, वायर आडवी टाकली, क्लिपऐवजी स्क्रू मारला, तर ऐन वेळी बॅग अडकू शकते किंवा तो स्क्रूच प्रवाशाच्या अंगावर उडू शकतो. खांबांच्या प्लास्टिकवर एअरबॅगचं चिन्ह आहे का ते आधी पाहा. काम करणाऱ्याने बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय खांबांना हात लावता कामा नये. घाई करणारा माणूस दिसला तर गाडी परत घ्या. बेस दुय्यम आहे.

एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीत हात घालायला हरकत नाही. व्हायझर, हँडल, लाइट, खांबांचं प्लास्टिक, मग सीलिंग मागच्या दारातून आडवं बाहेर. ते दुमडू नका, एकदा पडलेली घडी जात नाही.

शीट कोणती घ्यावी, किती लावावी?

ब्युटाइलची. डांबरी शीट स्वस्त मिळते, पण टपाला ती नकोच. एप्रिल-मेच्या उन्हात मऊ होते, वास सोडते आणि उलटी लावलेली असल्याने सुटून सीलिंगवर पडते.

ब्युटाइलमध्ये जाडीपेक्षा वरच्या अ‍ॅल्युमिनियमकडे लक्ष द्या. नखाने सहज फाटणारा फॉइल असेल तर रबर चोळलंच जात नाही. १०० मायक्रॉन किंवा त्याहून जाड फॉइल बघून घ्या. पट्ट्यांच्या मधल्या भागात अर्ध्या टपापर्यंत लावली तरी बेसच्या कामापुरती पुरते. पावसाचा आवाजही कमी करायचा असेल तर पूर्ण लावा. लोखंडी रोलरने इतकी दाबा की फॉइलवरची नक्षी सपाट झाली पाहिजे. हाताने थोपटलेली शीट पुढच्या उन्हाळ्यात खाली येते.

वरून फोम लावायचा असेल तर बंद छिद्रांचा. स्पंजसारखा फोम पाणी धरतो.

सनरूफ असलेल्या गाडीचं काय करायचं?

फार काही नाही. काच, तिची चौकट आणि रूळ मिळून तो भाग तुलनेने आधीच कडक असतो, आणि आवाज बहुधा रुळांतून नाहीतर सरकत्या पडद्यातून येतो. रबर साफ करून त्याला सिलिकॉन ग्रीस लावा. चारही कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या नळ्यांजवळ शीट किंवा सीलंट अजिबात नको. नळी दबली की पहिल्या मोठ्या पावसात पाणी सीलिंगमध्ये.

पावसाळ्यात हे काम करून घ्यावं का?

टाळा. जून ते सप्टेंबर पत्र्यावर ओलाव्याचा न दिसणारा पापुद्रा असतो, आणि त्यावर लावलेली शीट नीट धरत नाही. ओलावा शीटखाली अडकला तर गंज आतून खात जातो. नोव्हेंबर ते मार्च उत्तम. नाइलाज असेल तर बंद जागेत, पत्रा हीट गनने कोमट करून.

माझी गाडी सीएनजीची आहे. काही वेगळी काळजी?

हो. डिकीत टाकी असल्याने पेटी लहान होते किंवा सीटखालचा वूफर घ्यावा लागतो, त्यामुळे टपाला रेटाही कमी असतो. पण पेटी किंवा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) बसवायला डिकीच्या तळात, टाकीच्या स्टँडला किंवा गाडीखालून गेलेल्या पाइपच्या जवळ स्क्रू मारू देऊ नका. गॅसच्या नळीवर पेटी टेकवूही नका, सततच्या थरथरीने जोड ढिले होतात. पेटी टाकीला बांधणारे लोक आहेत. त्यांच्याकडून काम घेऊ नका.

गाडी न उघडता काही करता येईल का?

बरंच. रव्याने जो सूर दाखवला, तो इक्वलायझरवर ३-४ डेसिबलने खाली आणा. बाकी बेस तसाच राहतो आणि टपाचा घुमघुमाट उतरतो. पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याचं भोक किंवा नळी) असलेली पेटी असेल तर अ‍ॅम्पवरचा सबसॉनिक फिल्टर, म्हणजे अगदी खालचे सूर कापणारं बटण, पोर्ट ज्या सुरासाठी बनवलाय त्याच्या थोडा खाली लावा. त्याखालच्या सुरांना वूफर नुसता झोके खातो. ‘बेस बूस्ट’चं बटण आधी शून्यावर आणा. बहुतेक अ‍ॅम्पवर ते ४५ हर्ट्झच्या आसपासच जोर लावतं.

काच दोन बोटं खाली केली तरी दाब उतरतो, पण तो मग बाहेर शेजाऱ्यांकडे जातो.

जमिनीपासून टपापर्यंत खांब उभा केलेल्या गाड्या पाहिल्या आहेत. तसं करू का?

त्या फक्त आवाजाच्या स्पर्धेच्या गाड्या. तिथे १५० डेसिबलच्या वर आकडा काढायचा असतो आणि गाडी ट्रेलरवरून आणतात. रस्त्यावरच्या गाडीत डोक्याशेजारी लोखंडी खांब म्हणजे अपघातात जिवाशी गाठ. नको.

टप कडक केला की बाहेरच्यांचा त्रास थांबेल का?

कमी होईल, थांबणार नाही. खालचा बेस काचा-दारांतूनही बाहेर पडतोच. आणि एक बारकावा: कायद्यातली मोजणी ‘ए’ वेटिंगने, म्हणजे माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं त्या हिशेबाने होते आणि त्यात ४० हर्ट्झचा आवाज जवळपास ३५ डेसिबलने कमी धरला जातो. मीटरवर आकडा साधा दिसला तरी पहिल्या मजल्यावरच्या घरात खिडकीची तावदानं वाजत असतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्या आसपास १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. परळ भागात गाडी लावून बेस वाजवणाऱ्याने आजूबाजूला किती रुग्णालयं आहेत ते बघावं.

मुंबईत सामान कुठे मिळेल, आणि दुकानदाराला काय विचारू?

कुर्ल्याचा सीएसटी रोड गाडीच्या सामानासाठी, लॅमिंग्टन रोड इलेक्ट्रॉनिक्ससाठी. सीलंट विंडशील्ड बसवणाऱ्यांकडे मिळतं.

विचारायचे प्रश्न मोजके. सीलिंग उतरवून आधी पट्ट्यांचं मॅस्टिक बघाल का? एअरबॅगसाठी बॅटरी काढून थांबाल का? शीटचा फॉइल किती मायक्रॉनचा? काम चालू असताना मला फोटो मिळतील का? पहिल्या प्रश्नालाच ‘त्याची गरज नाही, शीट मारून देतो’ असं उत्तर आलं, तर दुसरं दुकान बघा.

काम झाल्यावर काय तपासायचं?

दोन दिवसांनी तोच सूर, तोच आवाज, पुन्हा रवा. दाणे पट्टीपाशी अजून नाचत असतील तर तिथला ठिपका धरलेला नाही, तेवढाच पुन्हा भरून घ्या. टप संध्याकाळच्या तिरक्या उजेडात बघा, रेघ किंवा खळगा दिसला तर गाडी ताब्यात घेण्याआधीच दाखवा. सगळे व्हायझर, लाइट, हँडल हाताने हलवून पाहा. उतरवून बसवलेल्या क्लिप सैल राहिल्या की नवी खडखड तिथूनच निघते. अँटेनाचा नट काढला असेल तर त्याखालचं रबर नीट बसलंय का ते पाहा, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर केबिन लाइटभोवतीचं कापड हात लावून ओलं आहे का ते तपासा.